ला पाझचा पहिला दिवस

पोरी,

तिकीट काढल्याचं तुझ्या बाबांकडून कळलं. 'काका, यादी पाठवा' म्हणालीस, पण यादी काही मी देणार नाही. बोलिव्हियातल्या ला पाझच्या पहिल्या दिवसापुरतं लिहितो. पुढचं तुझं तू निभावशील.

कळसूबाई पळत चढतेस हे आधी डोक्यातून काढ. कळसूबाई 1,646 मीटर. तू उतरणार तो विमानतळ ला पाझच्या डोक्यावरच्या एल आल्तो शहरात, 4,061 मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ अडीच कळसूबाया एकावर एक, आणि तिथे तू खुर्चीत बसून पोचणार. उंचीचा त्रास कोणाला होईल हे दमसासावरून ठरत नाही. तुझ्यासारखी धडधाकट मंडळी ऐकत नाहीत, एवढंच. गोळी घ्यायची की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांना विचार. आणि हो, सनस्क्रीनची ट्यूब बेसिनवर धरून उघड. हवेचा दाब कमी, झाकण फिरवलं की पिचकारी उडते. माझ्या पासपोर्टाला अजून तो वास आहे.

माझा शहाणपणाही ऐक. खोली ठरवली नव्हती. सान फ्रान्सिस्को चर्चपासून सागार्नागा नावाचा रस्ता चढत जातो. वर स्वस्त मिळेल म्हणून चौदा किलोची सॅक पाठीवर घेऊन मी एकेक दार ठोठावत गेलो. वाचवले किती? वडापाव-चहाचे पैसे. रात्री डोक्यात घण पडायला लागले, पहाटेपर्यंत तीन उलट्या झाल्या, आणि पुढचे दोन दिवस छताकडे बघत काढले. त्या दोन दिवसांचं भाडं मात्र मुकाट्याने भरलं.

म्हणून पहिल्या दोन रात्री आधीच ठरवून ठेव, आणि जिन्याची कटकट नको, खालचा मजला माग. विमानतळावरून मिनीबस मिळते, पण रात्री उतरलीस तर रेडिओ टॅक्सीच घे. वाटेत कोणी साध्या कपड्यातला 'मी पोलीस' म्हणून पासपोर्ट मागू लागला आणि टॅक्सीत बस म्हणाला, तर बसायचं नाही. ही तिथली जुनी लबाडी आहे. सरळ गर्दीच्या दुकानात शिर.

खाण्याचं. तू मांस खात नाहीस, आणि 'सिन कार्ने', म्हणजे 'मांस नको', म्हटलंस तर समोर कोंबडी येईल. कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गोमांस. 'सिन पोयो', कोंबडी नको, हेही जोड. तरी सूपमध्ये हाडाचं पाणी असतंच. सकाळी बाजारात 'आपी कोन पास्तेल' माग. आपी म्हणजे जांभळ्या मक्याचं दाट, कढत पेय, दालचिनी-लवंग घातलेलं. पास्तेल म्हणजे आत चीज असलेली, टम्म फुगलेली मोठी पुरी, वरून पिठीसाखर भुरभुरवलेली. बाकावर बसून, कपाभोवती हात धरून पी. जुलैत तिथे कडाक्याची थंडी असते. रात्री मात्र अर्धपोटी झोप, त्या उंचीवर पचन मंदावतं. तिथले लोक सांगतात, 'कामिना देस्पासितो, कोमे पोकितो, दुएर्मे सोलितो': हळू चाल, थोडं खा, एकटा झोप. तिसऱ्या कलमाबद्दल काका काही बोलणार नाहीत.

कोकाच्या पानांचा चहा खुशाल पी, हॉस्टेलात बहुतेक फुकटच असतो. पण एकही पिशवी सॅकमध्ये टाकून आणू नकोस. आपल्याकडे ती पानं बेकायदा आहेत.

आणि दुपारी खोलीत जीव रमेना, तर केबलकार. लाल, पिवळी, हिरवी या पहिल्या तीन लाईन 2014 साली सुरू झाल्या, झेंड्याच्या रंगांच्या. तेव्हा तिकीट 3 बोलिव्हियानो होतं. सगळे प्रवासी लाल लाईनने वर एल आल्तोला जातात. तू पहिल्या दिवशी उलटी जा: पिवळी, मग हिरवी, थेट खाली इर्पावीपर्यंत. आपल्याकडे श्रीमंत माणूस टेकडीवर बंगला बांधतो, तिथे तो खाली दरीत राहतो, कारण तिथे ऊब असते आणि श्वास पुरतो. डोकं दुखत असेल तर खाली एखाद्या बाकावर तासभर बसून राहा. परतताना इयिमानी डोंगरावरचं बर्फ दिसतं का बघ. डोकं तरीही चढतच गेलं, चालताना तोल जायला लागला, तर हॉस्टेलवाल्यांना उठव आणि डॉक्टर गाठ. सकाळची वाट बघू नकोस.

पोचलीस की नुसतं 'पोचले' एवढं कळव. तिथे रात्रीचे आठ म्हणजे इथे पहाटेचे साडेपाच. मी उठलेलाच असतो.

तुझा,
काका