स्वतः डिझाइन केलेल्या नवीन स्पीकरला नाव काय द्यावं?

क्लिप्श या अमेरिकन स्पीकर कंपनीची नावं बघा एकदा, खूप शिकायला मिळतं. त्यांचा कॉर्नवॉल 1959चा, कोपऱ्यात म्हणजे कॉर्नरला ठेवा नाहीतर भिंतीला लावा, दोन्हीकडे चालतो म्हणून कॉर्न-वॉल, बस्स. आणि हेरेसी म्हणजे पाखंड, कारण कंपनीचा संस्थापक पॉल क्लिप्श आयुष्यभर कोपऱ्यात ठेवायच्या हॉर्न (भोंग्याच्या) स्पीकरचा पुरस्कर्ता आणि त्यानेच कुठेही ठेवता येईल असा छोटा स्पीकर काढला, ते नाव तर मला प्रचंड आवडतं!

उलट बीबीसीचा एलएस3/5ए घ्या, एलएस म्हणजे लाउडस्पीकर, 3 म्हणजे स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणासाठी, 5 डिझाइनचा नंबर, ए म्हणजे सुधारित आवृत्ती. एवढं रुक्ष असून आजही लोक प्रेमाने घेतात, पण ते स्पीकरच्या गुणामुळे, नवख्या माणसाने नुसते आकडे ठेवले तर कोणाच्या लक्षात राहणार नाही.

तुम्ही दोन-तीन अक्षरी मराठी नाव ठेवा ना, ‘घुमट’ कसं वाटतं? गोव्याचं वाद्यही तेच आणि उच्चारतानाच खालचा सूर जाणवतो, पण बेस खरंच दमदार असेल तरच हं. विकायचा असेल तर आधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर क्लास 9 मध्ये शोधा, स्पीकर त्यातच येतात, बॉक्सवर नाव छापायच्या आधी.