दोन वर्षांची पदवी आणि ‘पुढे काय?’ हा प्रश्न

प्रिय भगिनी,

आपले पत्र मिळाले. बी.कॉम. अर्धवट सोडून आपण लग्नानंतर कॅलिफोर्नियात आलात, मुलगा मोठ्या शाळेत गेल्यावर कम्युनिटी कॉलेजात लिबरल आर्ट्सच्या (इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य अशा विषयांच्या) असोसिएट पदवीसाठी, म्हणजे बी.ए.च्या आधीच्या दोन वर्षांच्या पदवीसाठी, नाव घातलेत आणि आता तिसऱ्या वर्षाअखेर आपली ३३ युनिट्स (विषयागणिक मिळणारे श्रेयांक) पूर्ण झाली आहेत. इतिहास आणि तत्त्वज्ञान आपल्याला मनापासून आवडते. पण दोन वर्षांची पदवी पाच वर्षे चालणार आणि तिच्यावर नोकरी कोण देणार, असे पती विचारतात, मेडिकल कोडिंगचा (दवाखान्याच्या बिलांसाठी आजार-उपचारांची सांकेतिक नोंद करण्याचा) छोटा कोर्स करा म्हणतात आणि ओळखीच्या मंडळींना आपण ‘कॉम्प्युटरचे काहीतरी शिकते आहे’ असे सांगून वेळ मारून नेता. शिक्षण सोडावे का, असे आपण विचारले आहे.

सोडू नये, असे माझे मत आहे. मात्र आपल्याला न रुचणारी एक गोष्ट आधी सांगते: पतींचा सूर बोचरा असेल, पण प्रश्न रास्त आहे, आणि तो आपण स्वतःला अजून नीट विचारलेला दिसत नाही.

वर्षांबद्दलची खंत आधी बाजूला ठेवू. ही पदवी ६० युनिट्सची असते आणि दर सत्राला १५ युनिट्स घेणाऱ्याचीच ती दोन वर्षांत होते. घर सांभाळून सत्राला दोनच विषय घेणाऱ्याला पाच वर्षे लागणारच. राहिलेल्या २७ युनिट्सची फी, रहिवाशांसाठीच्या युनिटमागे ४६ डॉलर दराने, १,२४२ डॉलर होते. उत्पन्न मर्यादेत असेल तर तीही माफ होऊ शकते, तेव्हा आर्थिक मदतीचा अर्ज भरलेला नसल्यास भरावा.

खरी अडचण पदवीच्या प्रकारात आहे. लिबरल आर्ट्सची असोसिएट पदवी एकटीने कोणत्याही ठरावीक व्यवसायाचे दार उघडत नाही. तिचे मोल मुख्यतः ती पुढच्या दोन वर्षांना जोडली गेली तरच हाती लागते. आपण पदवीचे जे नाव कळवले आहे, त्यावरून ती कॉलेजची स्वतःची, स्थानिक पदवी वाटते. २०१० च्या कायद्यानुसार कॅलिफोर्नियात ट्रान्सफरसाठीच, म्हणजे पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाऊन बी.ए. पुरे करण्यासाठीच, आखलेली असोसिएट पदवी वेगळी असते, आणि ती किमान अटींसह पूर्ण करणाऱ्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत प्रवेशाची हमी मिळते. हवे तेच कॅम्पस मिळेल असे नाही, परंतु जुळणाऱ्या विषयात आणखी ६० युनिट्समध्ये बी.ए. पूर्ण करता येते. स्थानिक पदवीला अशी हमी नसते. वर्गात बसून शिकायचे पुष्कळसे तेच, पण कागदावरचा हा फरक विद्यार्थ्यांच्या फार उशिरा लक्षात येतो, आणि याबाबतीत कॉलेजांनी अधिक स्पष्ट बोलावे असे मला नेहमी वाटते.

म्हणून कॉलेजच्या काउन्सेलरची (अभ्यासक्रमाचा सल्ला देणाऱ्यांची) वेळ घेऊन इतिहासातील ट्रान्सफर पदवीकडे वळता येईल का, हे विचारा. झालेल्या ३३ पैकी सामान्य शिक्षणाची (मुख्य विषयाबाहेरच्या, सर्वांना लागणाऱ्या विषयांची) बरीचशी युनिट्स तिथेही धरली जाण्याची शक्यता आहे. मुख्य विषयाची किमान १८ लागतात, त्यातली किती झाली ते लेखी मागून घ्या. गणिताची धास्ती आपण दोनदा लिहिली आहे, तर त्या अटीसाठी संख्याशास्त्राचा विषय चालतो, हेही विचारून ठेवा. भारतातील गुणपत्रिका सोबत न्या. त्यांतले काही धरले गेले तर उत्तमच, पण त्यावर बेत बांधू नका. अठरा वर्षांच्या मुलांमध्ये बसण्याचा संकोच आणखी एका सत्रात आपोआप कमी होईल.

घरात पैशाची निकड खरोखरच असेल तर मेडिकल कोडिंगचा कोर्स आधी करण्यात काहीही कमीपणा नाही. मिळवलेली युनिट्स गुणपत्रकावर राहतात. निकड नसेल आणि शाळेत इतिहास शिकवावा असे मनात असेल, तर तिथल्या सरकारी शाळांत शिक्षकाला बी.ए. आणि त्यावर अध्यापनाचा परवाना लागतो, म्हणजे आपली आजची वाट त्याच दिशेची आहे. हे सारे सत्रवार एका कागदावर मांडून पतींपुढे ठेवा. ‘मला आवडते’ एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होणार नाही, आणि व्हावे अशी अपेक्षाही धरू नये.

ओळखीच्यांना मात्र आजपासून खरे सांगा. आपण आपल्या अभ्यासाचे नाव चोरून घेता, हे घरातला मुलगाही ऐकत असेल.

स्टेट युनिव्हर्सिटीचे फॉल (शरद ऋतूतील) सत्राचे अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून घेतले जातात. सत्राला तीन विषय झेपतील की दोनच, हे त्या तारखेकडून मागे मोजत ठरवा, आणि काउन्सेलरची भेट पुढच्या सत्राची नावनोंदणी सुरू होण्याआधी उरकून घ्या.