सोडताना कोणी पाहिले तर?

दारू सोडण्याची मनापासून इच्छा असलेली माणसेही समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून एक वाक्य हमखास उच्चारतात : "बाकी सगळे करतो, मॅडम, पण त्या मीटिंगला जायला सांगू नका. तिथे कोणी ओळखीचे भेटले तर?" हे वाक्य इतक्यांदा कानी पडले आहे की त्याचे सविस्तर उत्तर लिहून ठेवावे असे वाटू लागले. त्यासाठी एका गृहस्थांची हकिगत सांगते. ओळख पटणार नाही इतके तपशील अर्थातच बदलले आहेत.

पंचेचाळिशीचे हे गृहस्थ डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू थांबवून माझ्याकडे आले होते. (ही देखरेख आवश्यकच आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केल्यास पहिल्या काही दिवसांत फिट येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे प्रकार घडू शकतात. म्हणून मीटिंगच्याही आधी डॉक्टर.) त्यांचे शरीर सावरले होते, पण संध्याकाळ झाली की जीव कासावीस होई. मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजेच ए. ए., या दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या गटाच्या मीटिंगचे नाव काढताच त्यांनी ते वाक्य उच्चारले.

पहिली तीन सत्रे मी त्यांची समजूत घालत राहिले. तिथे पूर्ण नाव सांगावे लागत नाही, शुल्क नसते, दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट असते, आणि बोलायचे नसेल तर 'आज फक्त ऐकतो' एवढे म्हटले तरी पुरते. जो ओळखीचा भेटेल, तोही बहुधा त्याच दुखण्यापायी तिथे आलेला असेल. त्यांना सगळे पटत होते; पाऊल मात्र उचलत नव्हते.

चौथ्या सत्रात मी समजूत घालणे सोडले आणि विचारले, "तुम्हाला प्यालेल्या अवस्थेत कोणी कोणी पाहिले आहे?"

"कोणी पाहिले नाही ते विचारा. ऑफिसच्या जिन्यात पडलो आहे मी."

"मग त्या खोलीत तुम्ही दिसलात, तर पाहणाऱ्याला नवीन काय कळणार?"

ते बराच वेळ हातातल्या रुमालाची घडी घालत आणि मोडत राहिले. मग खाली पाहतच म्हणाले, "सोडतो आहे हे कळेल. आणि उद्या पुन्हा प्यालो, तर तेही कळेल."

त्या क्षणी मला उमगले, की तीन सत्रे मी भलत्याच प्रश्नाचे उत्तर देत होते. त्यांना दारुडा म्हणून ओळखले जाण्याची भीती नव्हती, ती बदनामी तर कधीच होऊन गेली होती. चार लोकांसमोर प्रयत्न करून चार लोकांसमोर हरण्याची ती भीती होती. 'एकदा सोडली की पुन्हा शिवताच कामा नये, आणि शिवलो तर मी कवडीमोल,' असा निकाल त्यांनी स्वतःविरुद्ध आधीच देऊन ठेवला होता. माणसाला घटनेपेक्षा तिच्यावर त्याने स्वतः लावलेला अर्थ अधिक छळतो, अशी माझी पक्की धारणा आहे, आणि त्या दिवशी ती पुन्हा खरी ठरली.

मग मी त्यांना ए. ए.च्याच जन्माची गोष्ट सांगितली. १९३५च्या मे महिन्यात अमेरिकेतील ॲक्रन गावी बिल विल्सन हा काही महिन्यांपूर्वी दारू सोडलेला माणूस डॉ. बॉब स्मिथ या मद्यपी शल्यविशारदाला भेटला. डॉ. बॉब यांनी दारू सोडली, काही आठवड्यांत ते पुन्हा प्याले, आणि पुन्हा उभे राहिले. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जूनचा दिवसच आज संस्थेचा स्थापनादिन मानला जातो.

"म्हणजे घसरल्यानंतरचा दिवस?" त्यांनी विचारले.

"घसरल्यानंतरचा."

पुढच्या आठवड्यात ते गेले. दाराशी घुटमळत असताना आत खुर्च्या मांडणाऱ्या एका वयस्कर माणसाने नाव-गाव न विचारता "जरा ही रांग सरळ करता का?" असे म्हटले. हाताला काम मिळाले आणि ते आत होते.

आपल्या भागातील मीटिंगची वेळ आणि जागा ए. ए.च्या संकेतस्थळावर किंवा मदतवाहिनीवर मिळते. काही मीटिंग खुल्या असतात, तिथे कुटुंबीयांनाही बसता येते. बंद मीटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. अगदीच धीर होत नसेल तर ऑनलाइन मीटिंगपासून सुरुवात करावी. प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो, त्यामुळे एका मीटिंगवरून मत न बनवता दोन-तीन गटांत मिळून पाच-सहा वेळा तरी जावे. दारूपासून दूर राहण्यासाठी ए. ए.ने आखलेल्या बारा पायऱ्यांमधील ईश्वराचा उल्लेख काहींना अडतो. त्यांच्यासाठी १९९४मध्ये सुरू झालेला स्मार्ट रिकव्हरी हा धर्मनिरपेक्ष पर्याय आहे. आणि दारू पिणारा यायला तयार नसला, तरी घरच्यांनी त्याच्यासाठी थांबू नये : १९५१पासून त्यांच्याकरिता ॲल-ॲनन हे स्वतंत्र गट आहेत.

एकेचाळिसाव्या दिवशी ते गृहस्थ घसरले. मला फोन आला तो मात्र त्यानंतरच्या संध्याकाळी, मीटिंग आटोपल्यावर. "मॅडम, हात वर केला आणि म्हणालो, आज माझा पहिला दिवस." खुर्च्या मांडणाऱ्या त्या माणसाने सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता.