एका अंगठ्याची किंमत

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. बायको सुट्टीला म्हणून मुलीला घेऊन तिच्या देशात गेली, परतीची तारीख उलटली, आता ‘अजून थोडे दिवस राहतो’ असे मेसेज येताहेत आणि स्क्रीनशॉट पुरतील का, असं तुम्ही विचारताय. माझ्याकडे नवरा आणि मुलगा होते, बाकी कथा तीच.

वकील गाठा वगैरे सांगत बसत नाही. त्या मेसेजना उत्तर देताना जपा. भांडण नको म्हणून एका रात्री मी लिहिलं, ‘ठीक आहे, राहा हवं तेवढं’, वर अंगठ्याचा इमोजीही टाकला. एका पालकाने परदेशात नेलेलं किंवा तिथेच ठेवलेलं मूल परत पाठवण्याबद्दलचा १९८० चा हेग आंतरराष्ट्रीय करार आहे; त्यात मूल परत न पाठवायची जी मोजकी कारणं आहेत, त्यात कलम १३ मध्ये ‘संमती दिली किंवा मागाहून मान्य केलं’ हे एक आहे. समोरच्या वकिलाने तो अंगठा ठळक छापून आणला. त्याखालचाच माझा मेसेज, ‘पण शाळा सुरू व्हायच्या आत या’, स्क्रीनशॉटमध्ये कापलेला. मी मधे फोन बदललेला, बॅकअप नाही. स्क्रीन फुटलेला जुना फोन कपाटात सापडला, तो दुरुस्त करून अख्खी चॅट बाहेर काढली तेव्हा कुठे तो मेसेज पुढे आला. चार महिने गेले त्यात. म्हणून स्क्रीनशॉटवर विसंबू नका. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करा आणि मूळ फोन विकू नका.

हे चार महिने महाग पडतात, कारण कलम १२ प्रमाणे वर्ष उलटलं की ‘मूल तिथे रुळलं’ हा बचाव खुला होतो. आणि वर्ष मोजतात ते तिथे प्रकरण दाखल होईपर्यंत, तुम्ही इथून ई-मेल केला त्या दिवसापर्यंत नाही.

त्यात एका कार्यालयाने माझं ई-अपोस्टिल (कागदपत्र परदेशात ग्राह्य धरावं म्हणून मिळणारं डिजिटल प्रमाणपत्र) प्रिंट काढून ‘यावर सही दिसत नाही’ म्हणून परत पाठवलं. अहो, डिजिटल सही फाइलमध्ये तपासायची असते, कागदावर काय दिसणार! दोनदा हेच.

मी वकील नाही. दोन्ही देशांमध्ये हा करार लागू नसेल तर वरचं बरंचसं गैरलागू. बायकोचा ई-मेल मात्र चोरून उघडू नका, पुरावा राहील बाजूला आणि गुन्हा तुमच्यावर येईल. मुलीशी व्हिडिओ कॉल चालू ठेवा, पण तिला प्रश्न विचारून रेकॉर्डिंग करू नका.

आज उत्तर द्यायचंच असेल तर एवढंच लिहा: ‘मुक्काम वाढवायला माझी संमती नाही, ठरल्याप्रमाणे मुलीला परत आण.’ अंगठा, हसरा चेहरा काही नको.