रिमोट बिघडला, बटण कुठंय?

प्रश्न : आमच्या 55 इंची एलईडी टीव्हीचा रिमोट बिघडलाय. टीव्हीला बटणच दिसत नाही. भिंतीवरून उतरवावा लागेल का?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, उतरवू नका. खालच्या कडेला, मधोमध, कंपनीच्या नावाखाली बोट फिरवा. बहुतेक वेळा हरभऱ्याएवढा उंचवटा लागतो. तेच बटण. नाहीच लागलं तर मागच्या बाजूला खालचे कोपरे चाचपा. पडद्यावर मात्र जोर देऊ नका, पॅनल तडकलं की खर्च नव्या टीव्हीच्या घरात जातो.

आणि कळकळीनं सांगतो, टीव्ही बंद केल्यावरही लाल दिवा दिसतोय म्हणजे आत वीज आहे. विजा कडाडण्याआधीच भिंतीवरचं बटण बंद करून पिन काढा, केबलची वायरसुद्धा. वळवाच्या पावसानंतर टीव्हीतले जळालेले सर्किट बोर्ड दरवर्षी माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येतात.