माझी २०१८ची स्विफ्ट आहे. १५ इंची दोन सबवूफर आणि २००० वॉटचा अँप (अॅम्प्लिफायर) बसवायचाय. गाडीला झेपेल का?

बसेल, पण आहे त्या वायरिंगवर झेपणार नाही. मी सांगलीत गाड्यांच्या साउंडचंच काम करतो. शंभर फुटी रोडला येणारी निम्मी पोरं वूफर आधी घेतात आणि बॅटरीचं नाव हेडलाइट मिचमिचायला लागल्यावर काढतात.

खोक्यावर ‘मॅक्स’ म्हणून छापलेला आकडा सोडा, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, बघा. अँप खरंच २००० वॉट आरएमएसचा असेल, तर क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) असला तरी वीसेक टक्के वीज उष्णतेत जाते. म्हणजे बॅटरीकडून २५०० वॉट ओढणार, १३.८ व्होल्टला ते झाले १८० अँपिअर. छोट्या पेट्रोल गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) साधारण ७० ते ९० अँपिअरचा, त्यात एसी आणि दिवेही त्याच्यावरच. गाण्यात सतत एवढा करंट लागत नाही हे खरं, पण प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज आपटतं. दुकानदार कपॅसिटर (क्षणभराची वीज साठवणारा डबा) गळ्यात मारतील. त्याने ही तूट भरत नाही. मोठा अल्टरनेटर, झटक्यात जास्त करंट देणारी एजीएम बॅटरी आणि शून्य गेजची, म्हणजे चांगली जाड, अस्सल तांब्याची वायर हाच इलाज. वायरचं टोक ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, नाहीतर मधे कुठे वायर घासून बॉडीला टेकली की आग. अर्थिंगही रंग खरवडून उघड्या पत्र्यावर.

आता जागा. १५ इंचीला पोर्टेड (हवेसाठी नळी ठेवलेला) बॉक्स निदान तीन घनफुटांचा लागतो. दोघांचे झाले सहा, म्हणजे १७० लिटर, तेही आतून. त्यावर १८ एमएमचा एमडीएफ, पोर्ट आणि वूफरचं धूड. तुमची डिकी २६८ लिटरची, आणि तीही चौकोनी नाही. माप मारून बॉक्स लहान केला की बेस घुमत नाही, नुसता ठोकतो. मिरजेच्या तंबोऱ्याला जसा भोपळा, तसा वूफरला बॉक्स.

शिवाय वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणून माझं मत विचाराल तर १२ इंची एकच घ्या, ५०० वॉट आरएमएस, पावणेदोन ते दोन घनफुटांच्या पोर्टेड बॉक्समध्ये. करंट ४५ अँपिअरच्या आसपास, ४ गेजची वायर पुरते, थोडं सामानही मावतं. बंद काचांच्या छोट्या गाडीत बेस असाही फुगतो.

अँपचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) मात्र कानाने लावू देऊ नका. वूफर सुटा करायचा, बेस बूस्ट बंद, स्टिरिओ पाऊण आवाजावर, ४० हर्ट्झचा टोन लावायचा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या आउटपुटला लावायचा. वूफर २ ओमचा असेल तर ५०० वॉट म्हणजे ३१.६ व्होल्ट. गेन हळूहळू वाढवत तिथे थांबायचं. त्यापुढे अँप क्लिप होऊ लागतो, म्हणजे आवाजाची लाट वरून कापली जाते, आणि वूफरची कॉइल जळते. जळालेला वूफर आणणारा प्रत्येक जण कंपनीलाच शिव्या घालत येतो.

रात्री १० नंतर आणि दवाखान्यांच्या १०० मीटरमध्ये बंद ठेवा. मिरजेत तर बघावं तिकडे दवाखानाच. आणि नंबर प्लेटमागे फोमची पट्टी चिकटवाच, नाहीतर बाहेरच्यांना गाण्याआधी पत्राच ऐकू येतो.