निवडक भक्षण की मोडीत काढणे?

एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे. त्या एका विज्ञानलेखाचा अनुवाद करताहेत आणि ‘माइटोफॅजी’पाशी अडल्या आहेत. पेशी आपल्याच बिघडलेल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे बारीक भाग) संपवते, ती ही क्रिया. त्यांनी केलेलं वाक्य असं: ‘पेशी खराब झालेल्या तंतुकणिकांचे निवडक भक्षण करून त्यांचे पुनर्चक्रण करते.’ अर्थ चुकलेला नाही, तरी वाचताना खटकतं. का?

मलाही खटकलं, आणि एकाच नव्हे, तीन जागी.

आधी ‘भक्षण’. यात त्यांचा दोष नाही, शब्द मुळातूनच तसा आला आहे. ख्रिश्चन द ड्यूव्ह या बेल्जियन शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये ‘ऑटोफॅजी’ हा शब्द घडवला. ग्रीकमध्ये ‘ऑटो’ म्हणजे स्वतः आणि ‘फॅगी’ म्हणजे खाणे, म्हणून आपलं ‘स्वभक्षण’: पेशीने आपलेच भाग खाणे. माइटोफॅजी हा त्याचाच एक प्रकार. (लायसोसोमला, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या लयकारिकेला, पेशीतल्या पचनाच्या पिशवीला, नाव देणारेही हेच.) काही जण ‘आत्मभक्षण’ लिहितात. व्याकरणाने ते चूक नाही, पण त्याच्या शेजारी लगेच आत्मघात, आत्महत्या उभे राहतात, आणि ही क्रिया तर बहुतेकदा पेशीला जगवणारी. ‘स्वयंपचन’ मला मोहात पाडतं, कारण ते ‘स्वयंपाका’चं सख्खं भावंड आहे, दोन्हींत धातू ‘पच्’च. पण मेलेली पेशी आपल्याच पाचकरसांनी विरघळते त्या वेगळ्या क्रियेशी त्याची गल्लत होईल. तेव्हा स्वभक्षणच बरं.

मात्र ते शोभतं कुठे, तर उपासमारीत. योशिनोरी ओसुमी या जपानी शास्त्रज्ञाने यीस्टच्या पेशींना उपाशी ठेवलं. त्या पेशींच्या रिक्तिकेतली (यीस्टमध्ये लयकारिकेचं काम हीच करते) पाचक प्रथिनं निकामी होती, त्यामुळे आत आलेलं काही पचेना, आणि काही तासांत रिक्तिका बारीक पुटिकांनी, म्हणजे इवल्या पिशव्यांनी, भरून गेली. या कामाच्या वाटेनेच त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं. पोटात आग पडल्यावर पेशी हाताला लागेल ते खाते, तिथे ‘भक्षण’ अगदी चपखल. माइटोफॅजीला भूक लागलेली असण्याची गरज नाही. खाऊनपिऊन सुखी पेशीतही ती चालते. ती जेवणापेक्षा आवराआवरीच्या जातीची.

शिवाय ‘तंतुकणिकाभक्षण’ हा आठ अक्षरांचा घास. कार्ल बेंडा याने १८९८ मध्ये ‘मिटोस’ म्हणजे तंतू आणि ‘कोंड्रिऑन’ म्हणजे कणी जोडून मायटोकॉन्ड्रिया केलं, आपण ते तंतोतंत मराठीत आणलं. ‘माइटोफॅजी’ करताना कणी गाळून नुसता तंतू ठेवला गेला. आपण तसं केलं तर ‘तंतुभक्षण’ होईल, आणि लोकांना वाटेल की शालूला कसर लागली.

आता ‘निवडक’. खरी ठेच इथे लागते. मराठीत निवडक कथा म्हणजे उत्तम कथा. ‘तंतुकणिकांचे निवडक भक्षण’ वाचून वाटतं की पेशीने चांगल्या चांगल्या तंतुकणिका वेगळ्या काढून खाल्ल्या. गंमत अशी की त्याच धातूचं क्रियापद मात्र बरोब्बर बसतं. आपण तांदूळ निवडतो तेव्हा बाहेर काय काढतो? खडे. पेशीही तशीच निवडते, आणि तिची खडा ओळखायची रीत तर पाहण्यासारखी आहे. पिंक-१ नावाचं एक प्रथिन सतत तयार होत असतं. धडधाकट तंतुकणिका ते आत ओढून घेते आणि तिथे त्याचे तुकडे होतात. तंतुकणिका बिघडली, तिच्या आतल्या पटलावरचा (आवरणावरचा) विद्युतदाब उतरला, की हे ओढून घेणं थांबतं आणि पिंक-१ बाहेरच्या पटलावर साचू लागतं. दारात दुधाच्या पिशव्या साठल्या की शेजारी ओळखतात ना, आत काहीतरी बिनसलंय, तसंच. मग पार्किन नावाचं दुसरं प्रथिन धावून येतं, तंतुकणिकेवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या चिठ्ठ्या डकवतं, त्या चिठ्ठ्या पाहून दुहेरी पटलाची पिशवी तिला लपेटते आणि लयकारिकेशी जुळते. पिंक-१ किंवा पार्किनचं जनुक बिघडलं तर ऐन उमेदीत कंपवात जडू शकतो. म्हणून ‘निवडक’ नको, ‘हेरून’ किंवा ‘वेचून’ म्हणा. (‘वेचक’ही नको, तोही निवडकचाच भाऊ.)

तिसरं ‘पुनर्चक्रण’. हिंदीतून आलेला हा शब्द संधीच्या नियमातही बसत नाही. ‘पुनर्’पुढे ‘च’ आला की ‘पुनश्च’ होतं, ते आपण रोज म्हणतो. म्हणजे ‘पुनश्चक्रण’ हवं, आणि ते कुणी म्हणणार नाही. ‘पुनर्वापर’ सोपा आहे, पण जपून. रिकाम्या बरणीत लोणचं भरलं तर तो बरणीचा पुनर्वापर. इथे तंतुकणिका शाबूत राहतच नाही, तिच्या प्रथिनांची अमिनो आम्लं होतात. पुनर्वापर होतो तो त्यांचा.

याला आपल्या घरातला शब्द आहे: मोड. मटकीची नव्हे, सोनाराकडची. जुन्या पाटल्या मोडीत घालायच्या, सोनं आटवायचं, त्याच्या बांगड्या करायच्या. फुटकी घागरही मोडीतच जाते. मोडणं, आटवणं आणि नवं घडवणं, सगळं त्यात आलं.

म्हणून ‘माइटोफॅजी’ हे नाव लेखात एकदा देवनागरीत द्यावं आणि वाक्य असं करावं: ‘निकामी झालेल्या तंतुकणिका पेशी हेरून बाजूला काढते, मोडीत घालते आणि त्यातून सुटलेला माल नव्या बांधणीला वापरते.’ संपादकांना ‘माल’ बाजारू वाटला तर ‘घटक’ करा, पण ‘मोडीत’ला हात लावू देऊ नका.